वरईचा फोटो

शेजाऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकायची मला सवय नाही. (काळेवाडीत भिंतीच इतक्या पातळ आहेत की न ऐकायला कष्ट पडतात.) त्या दिवशी शेजारचा गेनू फोनवर आईला सांगत होता, "आये, उद्या शेवटची तारीख हाय. कंपनी सुट्टी देत न्हाई. पिकाचा फोटो सरकारी अ‍ॅपवर गेला न्हाई, तर सातबाऱ्यावर 'पड' लागंल. भरडधान्याची योजनाबी गेली. मग डोंगर सोड आन् ये हिकडं."

मी चहाचा कप हातात घेऊनच त्याच्या दारात गेलो. म्हटलं, "मी जातो की."

त्याची आई गवराबाई खेडच्या पश्चिमेला, डोंगरउतारावर एकट्या वरई करतात. इथल्या खोलीत दोन दिवसांत त्यांचा जीव घुसमटतो, हे मला ठाऊक होतं. (पुन्हा भिंतच.)

एसटीनं आणि मग तासभर चढून मी शेतावर पोचलो. मावशी खोपटात चहा ठेवायला गेल्या. मी मोबाईल धरला, तर नुसता गवताचा गोंधळ. सरकारला असं शेत दाखवायचं? मी तर दुसऱ्याच्या घरातलीही चादर सरळ करणारा माणूस. बाह्या सरसावल्या, चटईएवढ्या जागेतलं किरकोळ गवत उपटलं, रुबाबदार, हिरवंगार पीक तेवढं ठेवलं आणि फोटो पाठवून दिला.

मावशी चहा घेऊन आल्या. आधी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दौलतराव, ह्ये काय?"

"तण काढलं, मावशी."

"तण हाय तिथंच हाय. वरई तेवढी काढली तुमी."

एकदा गेलेला फोटो परत येत नव्हता. माझ्या हातानं बाईचा डोंगर सुटणार होता.

पुढचे आठ दिवस मी भिंतीला टेकूनच बसलो. नवव्या दिवशी गेनूचा आवाज आला, "आये, नोंद लागली. तलाठी साहेबांनी फोटो बघून 'पीक जोमदार' लिवलंय."

(साहेबही माझ्याइतकेच शिकलेले निघाले.)

मी धावत शेजारी गेलो. "मावशींना सांग, पुढल्या वर्षीही मीच येतो."

गेनूनं फोन स्पीकरवर टाकला.

"या की," मावशी म्हणाल्या. "मोबाईल आणा. हात तेवढे काळेवाडीत ठिवून या."