डावीकडच्या सीटवरचे मोघे

मोघेकाका गाडी बघायला शोरूममध्ये शिरले की सरळ गाडीच्या डाव्या बाजूला जातात, दार उघडतात आणि आत बसतात. इंग्लंडात स्टिअरिंग उजवीकडे असतं. भारतातही उजवीकडेच असतं. म्हणजे सवयीने चुकले असं म्हणायलाही जागा नाही. तरी प्रत्येक सेल्समनला वाटतं की म्हातारा चुकला. "द अदर साइड, सर," तो हसून सांगतो. काका सीटबेल्ट लावतात, खिशातून टेप काढून गुडघ्यापासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर मोजतात आणि वर न बघता म्हणतात, "आय नो वेअर आय सिट."

हे वाक्य मी आठ वर्षं ऐकलंय. हाउन्सलोमध्ये आमच्या दोन घरांच्या मधली भिंत एकच आहे. दर शनिवारी सकाळी दहाला त्या भिंतीवर तीन टकटकी व्हायच्या. म्हणजे, शिरीष, निघू या.

काका निवृत्त होईपर्यंत कौन्सिलात वजनमापं तपासायचे. भाजीवाल्यांचे काटे, पेट्रोलपंपांची मापं, पबमधले बिअरचे ग्लास. "तीस वर्षं पबमध्ये जात होतो," ते अभिमानाने सांगतात, "एक थेंब घेतला नाही, एक थेंब कमी देऊ दिला नाही." त्या नोकरीने त्यांना एक वाक्य दिलं आणि ते त्यांनी आयुष्यभर वापरलं: "काटा स्थिर होऊ दे." काट्यावर वजन ठेवल्यावर तो थरथरतो, तेव्हा वाचायचं नाही. थांबायचं. अजून एक पोळी वाढू का विचारलं, तरी "काटा स्थिर होऊ दे." तोवर पोळी गार व्हायची आणि कुंदाकाकू ती स्वतः खाऊन टाकायच्या.

तर अशा माणसाला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. कुठली ते पक्कं होतं, एका जर्मन कंपनीची. प्रश्न एवढाच, की तिच्या दोन प्रकारांपैकी कुठला. पहिल्याचं स्प्रिंग मऊ, सीट्स बऱ्या आणि मागे दोन चिमुकल्या सीट्स. दुसरा ट्रॅकसाठी बनवलेला. मागच्या सीट्स काढून टाकलेल्या, पाठीवर पंख, रस्त्यापासून चार बोटं उंच. काकांनी पहिल्याचं नाव ठेवलं होतं गृहस्थ, दुसऱ्याचं पैलवान.

"वर्षाचे तीनशे साठ दिवस रस्ता, पाच दिवस ट्रॅक," काका म्हणायचे. "आता सांग शिरीष, पाच दिवसांसाठी तीनशे साठ दिवस कंबर मोडून घ्यायची, का तीनशे साठ दिवसांसाठी ते पाच दिवस मारायचे?"

"काका, तुम्हाला काय वाटतं?"

"मला पैलवान वाटतो. पण काटा हलतोय."

गृहस्थाच्या मागच्या सीट्सवर त्यांचा फार राग. "ही काय सीट आहे? हिच्यावर नारळ बसेल, माणूस नाही." शिवाय काकांना मागे बसलं की गाडी लागते. आमच्या मराठी मंडळाची सहल ब्रायटनला गेली होती, तेव्हा कोचमध्ये मागे जागा मिळाली म्हणून त्यांनी अख्खा समुद्र डोळे मिटून पाहिला. तेव्हापासून ते कोणाच्याही गाडीत पुढेच बसतात. त्यांच्या पोटाचा विषय आणि आमचा शनिवारचा विषय मी एकत्र करून टाकला होता. दार उघडलं की विचारायचो, "काय काका, गाडी लागली का?"

ते स्टेशनवरच्या माणसासारखे घड्याळ बघून म्हणायचे, "लागेल. अजून फलाटावर यायचीय."

त्यांची परीक्षा चहाची. टेस्ट ड्राइव्हला थर्मास आणि स्टीलचा पेला न्यायचे, पेला काठोकाठ भरून हातात धरायचे. गाडी मी किंवा सेल्समन चालवणार, काका डावीकडे पेल्याकडे डोळे लावून. गृहस्थाने गिल्डफर्डच्या रस्त्यावर दोन थेंब सांडले. पैलवानाने पहिल्याच स्पीड बंपवर सगळा पेला सेल्समनच्या पँटवर रिकामा केला. तो बिचारा ओरडायचंही विसरला. काकांनी शांतपणे वहीत लिहिलं, "पैलवान: सस्पेन्शन प्रामाणिक." मग त्यांना त्या खोल सीटमधून बाहेर काढायला मी एक हात धरला, भिजलेल्या सेल्समनने दुसरा. विहिरीतून घागर काढावी तसे ते वर आले. म्हणाले, "अजून एकदा बसून बघू."

मी या गोष्टी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचो. 'मोघे बुलेटिन' असं नावही दिलं होतं. लोक हसायचे. मला ते आवडायचं. आज ते सांगताना लाज वाटते, पण या लेखात याहून लाजेची गोष्ट पुढे आहे.

तीन वर्षं झाल्यावर मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही एकदाही उजवीकडे का बसत नाही?"

"मला कुठे गाडी येते?" ते म्हणाले.

काकांकडे लायसन्सच नव्हतं! जन्मात कधी स्टिअरिंग धरलेलं नाही. घरची लाल हॅचबॅक काकू चालवायच्या, हे मी रोज बघत होतो. पण बायको चालवते म्हणजे नवऱ्याला येतच असेल, असं माझं पुणेरी डोकं धरून चाललं होतं.

कुंदाकाकू एअरपोर्टवर बस चालवायच्या. इमारतीपासून उभ्या विमानापर्यंत माणसं नेणारी बस. वेग ताशी वीस मैल, त्याच्या वर गेलं की लेखी ताकीद. सव्वीस वर्षं त्या वीस मैलांनी चालल्या आणि शेजारच्या धावपट्टीवर विमानं त्यांना मागे टाकून उडत राहिली. एकदा घरी येऊन त्या जेवता जेवता म्हणाल्या होत्या, "अहो, एकदा तरी त्यांच्या बरोबरीने पळवून बघायचंय." दुसरं काही मागितल्याचं काकांना आठवत नव्हतं. "माझ्या निवृत्तीनंतर तुला खरी गाडी," असं त्यांनी तेव्हा कबूल केलं होतं.

"मग काकूंना का आणत नाही शोरूमला?"

"तिला कुठलीही आवडेल रे. तिला बसवलं की ती लगेच हो म्हणेल. मापं मलाच घ्यायला हवीत." मग म्हणाले, "शिवाय तिची जागा ठरलेली आहे. मी तिच्या शेजारी किती वेळ टिकतो, तेवढंच बघायचंय."

ते टिकायचे कसे, हे मी त्यांच्या लाल गाडीत मागे बसून पाहिलंय. काका डावीकडून अखंड बोलत असायचे. "कुंदा, सिग्नल लाल आहे." "दिसतंय मला." "कुंदा, सायकलवाला." "दिसतंय मला!" "कुंदा, राउंडअबाउट." "अहो, दिसतंय मला, मी काय आंधळी आहे?" असं सुपरमार्केटपर्यंत आणि परत.

आता ती गोष्ट. पाचव्या वर्षी काकांचा काटा जवळजवळ स्थिर झाला होता. पैलवान, निळा, दोन महिन्यांत मिळणार. सही करायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाड्यांबद्दल मी खूप वाचतो, त्यामुळे माझा शब्द ते मानायचे. मी म्हणालो, "काका, थांबा. पुढच्या वर्षी नवं मॉडेल येतंय."

येणार होतं, हे खरं. पण मी त्यासाठी म्हणालो नव्हतो. त्या दिवसांत माझ्या घरात आम्ही नवरा-बायको फक्त कुठल्या रंगाचा कचऱ्याचा बिन कधी बाहेर ठेवायचा, एवढंच बोलत होतो. शनिवारी सकाळच्या तीन टकटकी हा माझ्या आठवड्यातला एकमेव आवाज होता, ज्याची मी वाट बघायचो. गाडी आली असती तर टकटक थांबली असती. म्हणून थांबा म्हणालो. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षीही.

दुसऱ्या वेळी कुंदाकाकूंनी मला दारात गाठलं होतं. हातात कढीपत्त्याची कुंडी होती, ती माझ्या हातात देत म्हणाल्या, "शिरीष, त्यांना घेऊन टाकू दे रे आता. पुरे झालं मोजणं."

"काकू, घाई काय आहे?" मी हसत म्हणालो.

त्याही हसल्या. तेव्हा त्यांना बाथ रोडवरचे सरळ पांढरे पट्टे वाकडे दिसायला लागले होते. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. दीड वर्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. नजरेच्या मधोमध डाग वाढत जाणार, कडेचं तेवढं दिसत राहणार. काकूंनी लायसन्स पाकिटात घालून स्वॉन्झीच्या लायसन्स ऑफिसला परत पाठवलं. लाल गाडी विकली. पाकीट टपालात टाकायला काका बरोबर गेले होते. कुंदा, सिग्नल लाल आहे, असं म्हणायला आता सिग्नलच उरला नव्हता.

पण पुढच्या शनिवारी तीन टकटकी झाल्या. आम्ही शोरूमला गेलो. काका डावीकडे बसले आणि टेप काढली. मोजलं मात्र काहीच नाही. उजवीकडच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून बसून राहिले. त्या दिवसापासून मी बुलेटिन लिहिलं नाही.

मी शोधत राहिलो आणि मला एक जागा सापडली. गावाबाहेरचा जुना विमानतळ, आता खासगी ट्रॅक. तिथे लायसन्स लागत नाही. डोळ्यांनी अधू माणसांनाही चालवू देतात. शेजारी शिकवणारा बसतो, त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. काकांना सांगितलं. वाटलं, काटा म्हणतील. ते म्हणाले, "कधी?"

तिथे दोन्ही गाड्या उभ्या होत्या. पैलवान आणि गृहस्थ. शिकवणारे रॉजर म्हणून पांढऱ्या मिशांचे एक जण होते. काकू पैलवानाच्या पंखावरून हात फिरवत होत्या. "ही का हो तुमची?" त्यांनी काकांना विचारलं.

"हीच."

"मग तुम्ही कुठे बसणार?"

पैलवानात सीट्स दोन. एक काकूंची, एक रॉजरची. आठ वर्षं मापं घेतलेली ती डावी सीट काकांची नव्हतीच. रॉजर म्हणाले, मिस्टर मोघेंनी कुंपणापाशी उभं राहावं, तिथून छान दिसतं.

"तुम्ही शेजारी बडबडत नसाल, तर मी चालवतेय असं वाटायचंच नाही मला," काकू म्हणाल्या.

काकांनी पैलवानाकडे पाहिलं. मग वळले, गृहस्थाचं दार उघडलं, पुढची सीट ढकलली आणि त्या नारळाच्या जागेत शिरायला लागले. आधी एक पाय, मग डोकं, मग आम्ही ढकललेलं बाकीचं. हेल्मेट छताला टेकलं होतं, गुडघे कानांपाशी. मी म्हणालो, "काका, तुम्हाला मागे गाडी लागते."

"दार लाव," ते म्हणाले.

मागे माणूस असल्यामुळे ताशी शंभर मैलांच्या वर जायचं नाही, अशी रॉजरनी अट घातली. सहा फेऱ्या झाल्या. लांब धावपट्टीवरून गाडी यायची, माझ्यासमोरून जायची आणि आवाज मागाहून यायचा. प्रत्येक फेरीला मला मागच्या काचेत एक हेल्मेट डुलताना दिसायचं.

थांबल्यावर काकांना बाहेर ओढावं लागलं. चेहरा दुधीभोपळ्यासारखा झाला होता. ते टायरांच्या ढिगामागे गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. रॉजर मिशा पुसत माझ्याजवळ आले. म्हणाले, मी डावं-उजवं सांगत होतो, पण मागून मिस्टर मोघे माझ्या आधीच काहीतरी सांगत होते, आणि बाई प्रत्येक वळणावर एकच उत्तर ओरडत होत्या. "व्हॉट इज दिस्ताय मला?"

मला त्याचं इंग्रजी करायला वेळ लागला. "आय कॅन सी," मी म्हणालो.

तेवढ्यात काका परत आले. काकूंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "अहो, गाडी लागली का?"

"लागली," काका म्हणाले. "लागली एकदाची."

परत येताना गाडी मी चालवत होतो. काका डावीकडे, काकू मागे. हाउन्सलो जवळ आलं तसं मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकू, मी मुद्दाम थांबा म्हणत होतो. मॉडेलसाठी नाही. मला शनिवारी घराबाहेर पडायचं असायचं." पुढे बरंच काही ठरवलं होतं, पण तेवढंच बोलता आलं.

मागून काकू म्हणाल्या, "दिसत होतं रे मला."

"सिग्नल लाल आहे, शिरीष," काका म्हणाले.

मला खरंच दिसला नव्हता.