कथित शौचालय

हेरमान साहेबांनी चौथं शहाळं तोंडाला लावलं, तेव्हाच भाग्येश सावेच्या मनात पाल चुकचुकली होती. पण बोलणार कोण?

हेरमान साहेब म्हणजे साधी असामी नव्हती. सरकार आणि एक परदेशी रेल्वे कंपनी यांच्या भांडणाचा निवाडा करायला नेमलेले ते आंतरराष्ट्रीय लवाद, सत्तरी ओलांडलेले स्विस गृहस्थ. बोईसरच्या कारखान्यांपासून सफाळ्याच्या बाजूला मालगाडीचा फाटा टाकायचं कंत्राट कंपनीनं घेतलं होतं. फाटा काही झाला नाही. कंपनी म्हणे, सरकारनं जमीन ताब्यातच दिली नाही. सरकार म्हणे, जमीन मोकळी करून कधीच दिली, कंपनीनंच तिथं पाऊल टाकलं नाही. परदेशातल्या गार खोल्यांतून हे भांडण बरंच रंगलं आणि शेवटी हेरमान साहेब म्हणाले, "मला ती जमीन एकदा बघू द्या."

मग बघण्याची सगळी व्यवस्था पालघरच्या कचेरीतल्या भाग्येशच्या गळ्यात पडली. 'सदर जमीन पूर्णपणे मोकळी आहे' या प्रतिज्ञापत्रावर सही त्याचीच होती. जमीन त्यानं पाहिली नव्हती, पण आधीच्या साहेबांनी तसं लिहून ठेवलं होतं आणि आधीच्या साहेबांवर अविश्वास दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता.

शहाळ्यांचं असं झालं. लवादानं एका पक्षाकडून पाण्याचा घोट घेतला, तर दुसऱ्याकडूनही तेवढाच घ्यायचा, असं दोन्हीकडच्या वकिलांनी ठरवून टाकलं होतं. भाग्येशनं कौतुकानं केळव्याच्या आपल्या वाडीतलं शहाळं पुढं केलं. त्याबरोबर कंपनीचे वकील ललित यांनी गाडी थांबवून रस्त्यावरचं एक आणलं. साहेबांना केळव्याची चव आवडली, त्यांनी आणखी एक मागितलं. मग ललितनीही आणखी एक आणलं. नि:पक्षपातीपणा साहेबांच्या पोटात असा काठोकाठ भरला.

जागेवर पोचल्यावर भाग्येशनं आधी हातातला नकाशा पाहिला, मग समोर पाहिलं. मोकळ्या जमिनीच्या ऐन मध्यावर एक शौचालय उभं होतं. सिमेंटचं, पत्र्याच्या दाराचं, आणि दारावर सरकारी योजनेचं नाव ठळक अक्षरांत. जवळच्या घरातल्या रखमाबाईंचं ते. घर हद्दीबाहेर होतं, पण शौचालय बरोब्बर हद्दीत.

"हे काय आहे?" सरकारच्या वकील मोनाली मॅडमनी दबक्या आवाजात विचारलं.

"आडोसा असावा मॅडम. नुसता आडोसा."

तेवढ्यात हेरमान साहेब भाग्येशच्या कानाशी आले. चेहरा लाल झाला होता. "मिस्टर सावे, इथं जवळ टॉयलेट आहे का?"

भाग्येशनं उत्तर देण्याआधीच ललित पुढं झाले. "आहे की सर! हे काय समोर! सरकारनं स्वतः बांधलेलं, पक्कं. अवश्य वापरा!"

"सर, तुम्ही ते वापरलंत, तर ते शौचालय आहे असा अर्थ निघेल," मोनाली मॅडम आडव्या आल्या. "आमची हरकत आहे."

"माझी फार गरज आहे," साहेब म्हणाले.

बोईसर लांब राहिलं होतं. शेवटी साहेबांनीच, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत, तोडगा काढला. कुणाच्याही हक्काला बाधा न येता आपण आत जाऊ, तसं दोघांनी लिहून द्यावं. मग दोन्ही वकील मोबाइलवर मसुदा करायला बसले. ललितनी 'शौचालय' लिहिलं. मॅडमनी 'बांधकामसदृश वस्तू' केलं. साहेबांनी दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबले. अखेर 'कथित शौचालय' यावर एकमत झालं आणि साहेब जवळजवळ पळतच निघाले.

दारासमोर रखमाबाई उभ्या होत्या.

"आत नाय जायचं."

"मावशी, फार मोठे साहेब आहेत," भाग्येश कळवळून म्हणाला.

"असूं दे. आत माझी कोंबडी खुडूक बसली हाय. माणूस शिरला का अंडी सोडून उठंल."

"शौचालयात कोंबडी?"

"पाणीच नाय तितं. उगाच रिकामं कशाला ठेवू?"

"सर, त्या म्हणतात, आत पाणी नाही, कोंबडी आहे! म्हणजे हे शौचालय नाहीच!" मोनाली मॅडम आनंदल्या.

"पण जमीनही मोकळी नाही!" ललित म्हणाले. "कोंबडीचा प्रत्यक्ष ताबा आहे!"

खरं तर भाग्येशनं इथं गप्प बसायला हवं होतं. सरकारची बाजू वर होती, त्याची सही बचावत होती; याच जमिनीत दुसरं शौचालय निघालं, तर ती बुडणार होती. पण साहेबांच्या कपाळावरचा घाम बघून त्याला आपले आजोबा आठवले. सही गेली खड्ड्यात, असं त्याला वाटलं.

"मावशी, मग तुम्ही लोक कुठं जाता?"

"त्या मागच्या नव्यात! करवंदीच्या जाळीमागं. तितं पाणी हाय, दिवा हाय. मला आदी इचारायचं ना!"

साहेब करवंदीच्या जाळीमागं नाहीसे झाले. बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा स्विस झाला होता.

"उत्तम सोय आहे," ते म्हणाले. "मिस्टर ललित, दारावर तुमच्या कंपनीचं नाव का आहे?"

ललित घाईघाईनं मोबाइलमधली कागदपत्रं चाळू लागले.

"त्यांनीच बांदलं," भाग्येशनं हलकेच विचारल्यावर रखमाबाई म्हणाल्या. "दोन पावसाळे त्यांची माणसं ह्याच जमिनीवर, आमच्या शेजारी ऱ्हायली ना. बरी होती. जाताना म्हनली, आता तुमीच वापरा."

भाग्येशनं ते साहेबांना जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. म्हणजे जमीन मिळालीच नाही म्हणणारी कंपनी तिथं दोन पावसाळे नांदून गेली होती. आणि पूर्णपणे मोकळ्या सरकारी जमिनीवर एक कोंबडी अंडी उबवत होती. साहेबांनी दोन्ही वकिलांकडे आळीपाळीनं पाहिलं. "निकाल मी लिहू, की तुम्ही आपसात मिटवता?"

परत जाताना मोनाली मॅडम आणि ललित एकाच गाडीत बसले. महिन्याभरात तडजोड झाली. फाटा थोडा वळवून न्यायचं ठरलं, कोंबडी आणि करवंदीची जाळी दोन्ही वाचली. भाग्येशच्या सहीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण काढला तर दोन्हीकडच्या बऱ्याच सह्या निघाल्या असत्या.

नव्या मोजणीला तो पुन्हा तिथं गेला, तेव्हा त्यानं रखमाबाईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मावशी, देशोदेशी गाजलेलं भांडण तुमच्या अंगणात मिटलं!"

"ते मिटूं दे रं," रखमाबाई म्हणाल्या. "पन त्या म्हाताऱ्याला एवडी घाई लागते, ती काय बरी नाय. साखर तपासून घ्यायला सांग त्याला."