सातव्या मजल्यावरचा नवरा

बोटीवर पाऊल ठेवून पुरती वीस मिनिटं झाली नव्हती, तेवढ्यात अंजनाला नवरा झाला.

चोपन्न वर्षांत तो तिला सांगलीत झाला नव्हता. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी करताना झाला नव्हता, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. तो झाला तो मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या दहा मजली जहाजावर, चौथ्या मजल्यावरच्या एका केबिनमध्ये, आणि तोही भाचीने भीती घातली म्हणून.

भाची अपेक्षा पुण्यात नोकरीला होती. मावशी एकटीच लक्षद्वीपला निघाली याचं तिला आधी फार कौतुक वाटलं. पण एकट्या प्रवाशाला केबिनमध्ये दुसरी अनोळखी बाई सोबत घ्यावी लागते हे कळल्यापासून तिचा रोज फोन येऊ लागला.

"मावशी, ती कोण असेल, कशी असेल, आपल्याला काही माहीत नाही. तू एकटी आहेस हे तिला अजिबात सांगायचं नाही. सोबत कुणीतरी आहे म्हणायचं. पुरुष आहे म्हणायचं."

"कुठला पुरुष?"

"कुठलाही गं. एवढ्या मोठ्या बोटीवर कोण मोजायला जातंय?"

केबिन अंजनाच्या स्वयंपाकघराएवढीच होती. दोन पलंग, मध्ये हातभर जागा. त्यातल्या एका पलंगावर साठी ओलांडलेली एक बाई पाय वर घेऊन, खांद्यावर काळं घोंगडं टाकून बसली होती आणि गोल खिडकीतून समुद्राकडे असं पाहत होती, जणू तो आत्ताच तिच्या नावावर झाला होता.

"या ताई, बसा," ती म्हणाली. "मी हरणाबाई. म्हसवडाकडची. गार लय हाय हितं. घोंगडं देऊ?"

पाच मिनिटांत अंजनाला सगळं कळलं. हरणाबाईंची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायची. आता घरी डाळिंबाची बाग होती. मुलगा विश्वजित सैन्यात. त्याने आईला समुद्र दाखवायचा म्हणून दोन तिकिटं काढली आणि ऐन वेळी त्याचीच सुट्टी रद्द झाली, मग बोटवाल्यांनी तिला एकट्या बाईबरोबरच्या केबिनमध्ये जागा दिली. "म्हनला, आये, तू जा, मी फुडल्या बारीला येतो. म्हटलं जाते. समुद्र काय त्याच्यासाठी थांबनार हाय?" मग तिने अंजनाला निरखून पाहिलं. "तुमी एकट्याच आलाय व्हय?"

अंजनाच्या कानात अपेक्षा बोलू लागली.

"नाही, नाही. मिस्टर आहेत ना. वर आहेत. सातव्या मजल्यावर. मित्रांबरोबर."

"नाव काय मालकाचं?"

इथे अंजना अडली. आयुष्यात तिने नेमाने पत्रं लिहिली असा एकच पुरुष होता. ग्रंथालयातून सत्त्याण्णव साली नेलेला शब्दकोशाचा दुसरा खंड त्याने आजतागायत परत केला नव्हता, आणि दर जूनमध्ये ती त्याला स्मरणपत्र पाठवत असे.

"उदयसिंह," ती म्हणाली. "उदयसिंह माने."

"मालक वर आन तुमी खाली," हरणाबाई विचार करत म्हणाली. "भांडान झालंया?"

"छे, भांडण कशाला? त्यांना पत्त्यांचा नाद आहे. मला झोपायला शांत लागतं."

हरणाबाईने मान डोलावली. पण ती मान पटलेल्या माणसाची नव्हती.

गंमत अशी की बाई अंजनाला आवडली. तिने रात्री दिवा लवकर मालवला, घोरली नाही, आणि पहाटे उठून बिनआवाजाचं आवरलं. एसीने अंजनाचे दात वाजू लागले तेव्हा न मागता घोंगडं अंगावर आलं. अडचण एवढीच की ती उदयसिंहांना विसरायला तयार नव्हती. जेवणाच्या हॉलमध्ये तिने टेबलांवरून नजर फिरवली. "मालक दिसंनात."

"ते लवकर जेवतात."

सकाळी नाश्त्याला पुन्हा तेच. "अजून आलं न्हाईत?"

"ते उशिरा उठतात."

हरणाबाईने इडली मोडता मोडता हिशेब जुळवला. "लवकर जेवत्यात, उशिरा उठत्यात आन बायकूला तोंड दावत न्हाईत. बरं."

या 'बरं'चा अर्थ अंजनाला अकराच्या सुमाराला कळला. ती वरच्या डेकवर खुर्ची टाकून पुस्तक वाचत होती. पलीकडे पोहण्याच्या तलावाशी नाचाची स्पर्धा चालली होती. एकाएकी गाणं बंद झालं आणि ध्वनिक्षेपकावरून एका मुलीचा गोड आवाज आला, "श्री. उदयसिंह माने, आपण जिथे असाल तिथून कृपया चौथ्या मजल्यावरच्या रिसेप्शनला या. आपली वाट पाहत आहेत."

अंजनाच्या हातातलं पुस्तक पडलं. गाणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं, आणि उदयसिंहांना दुसऱ्यांदा हाक गेली. तिसऱ्या हाकेपर्यंत ती जिने उतरून रिसेप्शनशी पोचली होती.

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून हरणाबाई उभी होती. समोर अंकिता नावाची पट्टी लावलेली मुलगी संगणकात डोकं घालून बसली होती.

"हे बगा, आल्या बायकू," हरणाबाई म्हणाली. "आता ह्यास्नी इचारा. ही पोरगी म्हनती, ह्या नावाचं मानूसच बोटीवर न्हाई."

"मॅडम, खरंच यादीत नाहीत," अंकिता म्हणाली. "ते आपल्या बोटीवरच आहेत ना?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण मागे आठ-दहा माणसांची रांग होती आणि ती सगळी अंजनाकडे पाहत होती. "त्यांचं बुकिंग..." ती म्हणाली, "मित्रांच्या नावावर आहे."

"केबिन नंबर?"

"सातशे..." अंजनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. "सातशे अठरा."

अंकिताने फोन फिरवला. सातशे अठरामध्ये राजकोटचं एक कुटुंब होतं. त्यांच्याकडे दोन मुलं आणि एक आजोबा होते. उदयसिंह नव्हते, आणि त्यांनी आजोबांना पत्ते कधीच खेळू दिले नव्हते. अंकिताचा चेहरा बदलला. तिने दुसरा फोन केला आणि दोनच मिनिटांत पांढऱ्या गणवेशातले सुरक्षा अधिकारी आले. त्यांच्या छातीवर जयराज असं नाव होतं. बोलणं मऊ होतं. त्याचीच अंजनाला जास्त भीती वाटली.

"बसा मॅडम. घाबरू नका. मिस्टरांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल," अंजना म्हणाली. काहीतरी म्हणायलाच हवं होतं. "संध्याकाळी. बोट निघाली तेव्हा."

"कुठे?"

"वर. डेकवर. कठड्यापाशी उभे होते."

तोंडातून शब्द गेला आणि जयराज उभे राहिले. अंकिताही उभी राहिली. रांगेतल्या एका बाईने "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावला. हरणाबाईने अंजनाचा हात घट्ट धरला.

"मोजणी घ्या," जयराज वायरलेसवर म्हणाले. "ताबडतोब."

तीन भोंगे झाले. बोटीवरचा प्रत्येक माणूस नारिंगी जॅकेट घालून आपापल्या ठरलेल्या जागी आणला गेला. कोणी टॉवेल गुंडाळून आलं, कोणी डोशाची ताटली हातात घेऊन. एका बाईच्या डोक्याला अर्धीच मेंदी लागली होती. नाचाच्या स्पर्धेतली सातारची एक जोडी अंतिम फेरीत पोचली होती. ती आपल्याला का थांबवलं म्हणून विचारत होती. बोटीचा वेग कमी झाला. वर कठड्याशी दोन खलाशी दुर्बिणी लावून पाण्याकडे पाहत होते.

हे पाहिल्यावर अंजनाला राहवेना. तिने जयराजांना बाजूला घेतलं. "साहेब, मला एक सांगायचंय. मला नवरा नाही."

"मॅडम," जयराज हळू आवाजात म्हणाले, "इतक्यात असं मनात आणू नका."

"तसं नव्हे हो. नाही म्हणजे, नव्हताच. कधीच नव्हता."

जयराजांनी शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "धक्का बसलाय," ते पुटपुटले. डॉक्टरीणबाईंनी अंजनाला खुर्चीत बसवलं, तिचं ब्लड प्रेशर घेतलं. ते एकशे सत्तर निघालं आणि सगळ्यांची खात्री पटली.

"मी शुद्धीवर आहे," अंजना सांगत राहिली. "मी सांगलीची. ग्रंथपाल आहे. माझं लग्नच झालेलं नाही. तुम्ही आधार कार्ड बघा."

"आधार कार्ड बघू नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी लांब श्वास घ्या."

एकच आशा उरली होती. मोजणी पुरी झाली की यादीतली सगळी माणसं जागेवर सापडतील, आणि हरवलेला असा कोणी नाहीच हे आपोआप सिद्ध होईल. अंजना श्वास घेत बसली. वीस मिनिटांनी एक खलाशी कागद घेऊन धावत आला. बोटीवर एकूण सोळाशे बेचाळीस प्रवासी असायला हवे होते.

"साहेब, सोळाशे एक्केचाळीस," तो म्हणाला. "दोनदा मोजले."

हरणाबाईने डोळ्यांना पदर लावला. खुद्द अंजनालाही कठड्याला टेकून उभे असलेले उदयसिंह, त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, सगळं स्पष्ट दिसलं. पुढच्याच क्षणी ती भानावर आली आणि ताडकन उठली.

"साहेब, कोणीतरी खरंच हरवलंय," ती म्हणाली. "माझा नवरा नव्हे. दुसरं कोणीतरी. नावं वाचा. यादी धरून एकेक नाव वाचा." तीस वर्षं ती दर उन्हाळ्यात कपाटं रिकामी करून पुस्तकांची पडताळणी करत आली होती; नुसत्या मोजणीने किती कमी ते कळतं, कोणतं ते कळत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिच्या आवाजात आता धक्का बसलेल्या बाईचं काही नव्हतं. जयराजांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि यादी मागवली. नावं वाचायला सुरुवात झाली. "हजर, हजर" चालू होतं. केरबा या नावाला ओ आली नाही. पाटणचे, वय बासष्ट, माजी हवालदार, एकटेच आलेले. त्यांच्या केबिनमधला सोबती म्हणाला, "सकाळी नाश्त्याला जातो म्हणून गेले, ते आलेच नाहीत. मला वाटलं, माणूस फिरतोय."

शोध सुरू झाला. नाचाचं संगीत आता बंदच होतं, त्यामुळे सहाव्या मजल्याच्या कोपऱ्यातला ठोकण्याचा आवाज पहिल्यांदाच कोणाला तरी ऐकू आला. तिथल्या स्वच्छतागृहाची कडी आतून अडकली होती. सुताराने दार काढलं तेव्हा केरबा घामाने निथळत, बनियनवर बाहेर आले. चालले, पण चार पावलांवर खाली बसले. सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि नाश्ता राहिला होता. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे धावल्या.

"आट वाजल्यापास्नं दार बडवतोय," साखरेचं पाणी पिऊन ते म्हणाले. "वर नाच चाललावता. कोन ऐकनार? हुडकायला कोन सांगितलं म्हनायचं?"

सगळ्यांनी अंजनाकडे बोट दाखवलं. केरबांनी बसल्या जागी तिला हात जोडले.

यादी पुरी झाली. सोळाशे बेचाळीस. त्यात उदयसिंह कोणीच नव्हते. जयराजांनी कागदाची घडी केली, ती खिशात घातली आणि अंजनाकडे वळले.

"तर मॅडम, तुमचे मिस्टर..."

"नाहीत."

"कधीच नव्हते."

"कधीच नव्हते."

"बरं," जयराज म्हणाले. "एक माणूस वाचला म्हणून मी अहवालात जास्त काही लिहीत नाही. पण पुढच्या वेळी मिस्टरांना कठड्यापासून लांब उभं करा."

बोट पुन्हा वेगाने चालू लागली आणि वर नाचाची अंतिम फेरी सुरू झाली. अंजना जिना उतरून केबिनशी आली, पण दाराशीच थबकली. हरणाबाई तिच्या आधी येऊन बसली होती, खिडकीकडे तोंड करून. घोंगड्याची घडी करून तिने ते आपल्या पलंगावर ठेवलं होतं.

"मावशी," अंजना म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठावं हाय. समद्या बोटीला ठावं हाय."

"भाचीने सांगितलं होतं, एकटी आहे म्हणू नकोस म्हणून. तुम्ही अनोळखी. मला भीती वाटली."

"माजी?" हरणाबाई वळली. तिला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, मग थोडा आनंद झालेला दिसला. "मला बी पोरानं सांगितलंवतं, पिशवी उशाला घिऊन झोप म्हनून. तुमच्याच भ्यानं. रातभर मान धरलीया."

अंजना पलंगावर बसली. "तुम्ही बिचाऱ्या आमचं भांडण मिटवायला म्हणून वर-खाली फिरलात, आणि मी..."

"कसलं भांडान?" हरणाबाई म्हणाली. "लोकांच्या भांडनात मी कशाला पडू? मला मालकास्नी इचारायचं हुतं."

"काय विचारायचं होतं?"

हरणाबाई जरा संकोचली. घोंगड्याची घडी पुन्हा सारखी करू लागली. "पोरगा फुडल्या जानेवारीत अंदमानची दोन तिकिटं काडतो म्हनलाय. त्याला काय सुट्टी गावनार न्हाई. म्हटलं, ही बाय बरी हाय. घोरत न्हाई, पुस्तक वाचत गप बसती. पर नवऱ्याची बायकू. सोडत्यात का न्हाई, कुनास ठाऊक. म्हनून म्हटलं, एकदा मालकाला गाठावं आन समोरासमोर इचारावं." तिने सुस्कारा टाकला. "लय घोर लागलावता मला. पत्त्याचा नाद असल्याली मानसं तिरसट असत्यात."

अंजनाला हसू आलं आणि ते आवरेना. हरणाबाई गंभीरपणे तिचं हसणं संपायची वाट पाहत राहिली.

"म्हंजी आता कुनाला इचारायचं न्हाई?" ती म्हणाली.

"तसं कुणाला नाही. फक्त जानेवारीत कॉलेज चालू असतं. रजा मिळायला हवी."

हरणाबाईने पाय खाली सोडले आणि चपला शोधू लागली.

"रजा देनारा कोन? नाव सांगा त्याचं. त्या पोरीला सांगते, फोन लाव म्हनून."

"मिळेल," अंजनाने घाईघाईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "रजा मिळेल मावशी. मी येते."