द्या, मी धरतो

आमच्या नगरसेवकांचा फोटो पेपरात एकदाच छापून आला. त्यात ते मोर्चात उभे आहेत आणि त्यांच्या हातात पाटी आहे : 'नगरसेवक, जागे व्हा!' मोर्चा त्यांच्यावरच होता.

तो आम्हीच काढला होता, पाण्यासाठी. मी सोसायटीची सेक्रेटरी म्हणून सगळ्यांत पुढे. हे पद कुणालाच नको असतं. मी मीटिंगला उशिरा पोचले, तोवर ते माझ्या गळ्यात पडलं होतं. नगरसेवक हरेशभाऊ घराचं दार उघडून बाहेर आले, आमच्या घोषणा शांतपणे ऐकल्या आणि पाटी धरून दमलेल्या जोशीकाकांना म्हणाले, "द्या काका, मी धरतो." काका पायरीवर टेकले आणि तेवढ्यात फोटो निघाला. पक्षानं जाब विचारला तेव्हा म्हणे, "अहो, काकांचा हात भरून आलेला."

"द्या, मी धरतो" हे त्यांचं पालुपद. भूमिपूजनाला कुदळ पुढाऱ्याच्या हातात, तर पुढाऱ्याचा मोबाइल, गॉगल आणि चपला ह्यांच्याकडे. एकदा मी गटाराची तक्रार घेऊन गेले, तर माझ्या हातातली भाजीची पिशवी त्यांनी घेतली आणि मी बोलता बोलता ती तिथेच विसरून आले. संध्याकाळी लिफ्ट बंद असताना ते चार मजले चढून ती द्यायला आले. आतली मेथी निवडलेली होती.

ही सवय बायकोमुळे लागलेली. सुलभाताई म्हणजे पदक जिंकलेल्या धावपटू, शाळेतल्या पोरांनाही त्यांचं नाव पाठ. दोघं खाडीकाठच्या एकाच गावचे. त्या मिठागराच्या बांधावर धावायच्या आणि हे त्यांच्या चपला नि ओढणी धरून बांधाच्या टोकाला उभे राहायचे. लग्नानंतर बॅग, बूट आणि बाटली आली, एवढाच फरक.

निवडणुकीला पक्षाला खरं तर ताईच हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला पलायला येतं, खुर्चीत बसायला नाय येत. ह्यांना न्या." पक्षानं ह्यांना नेलं. पोस्टरवर ताई धावत होत्या आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढे उमेदवार. लोकांनी मतं ताईंना दिली, निवडून आले हे. मग तक्रार घेऊन घरी गेलेला माणूस ताईंबरोबर सेल्फी काढून खुशीत परत यायचा आणि पाणी राहून जायचं. मला या सगळ्याचा भयंकर कंटाळा यायचा. हरेशभाऊंनाही येत असावा.

एकदा टँकरची वाट बघत आम्ही गेटपाशी उभे होतो. मी सहज विचारलं, "भाऊ, ताईंची ती पदकाची शर्यत तुम्ही अगदी जवळून पाहिली असेल ना?"

"नाय ओ ताई. पास एकच होता. मी गेटाभायेर, तिची बॅग धरून. आतून लोकांचा आवाज आला, तवा समजलं कायतरी चांगलं झालंय."

"मग नंतर व्हिडिओ बघितला असेल."

"बघितला ना. पन त्यातबी मी गेटाभायेरच हाय."

ते हसले. मला हसू आलं नाही.

पुढे आमची पाण्याची नवी लाइन झाली. त्यासाठी हा माणूस किती खेटे घालत होता, ते मी पाहिलं होतं. लोकांनी पेढे मात्र ताईंना नेऊन दिले. मुदत संपली, वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षानं ताईंच्या तिकिटाची बोलणी सुरू केली. "बरं झालं," हरेशभाऊ म्हणाले, "दमलो आता. परत बॅग धरायला मोकला." तेव्हा मी ठरवलं, आमच्या सोसायटीत ह्यांचा सत्कार व्हायलाच हवा. एकदा तरी या माणसाला लोकांनी पुढे उभं केलेलं मला बघायचं होतं.

त्या दिवशी हॉल भरला होता. सगळे ताईंभोवती. मी माइकवरून हरेशभाऊंचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, तरी ते येईनात. बघते तर दाराशी उभे : दोन पर्स, जोशीकाकांची काठी, कुणाची तरी छत्री आणि ताईंची बॅग सांभाळत. मानेनंच मला "नको" म्हणत होते.

ताई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडं. मी धरते."

"अगं, तू पावनी हायस…"

"द्या म्हनते ना."

भाऊ स्टेजवर आले. शाल झाली, टाळ्या झाल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, शेवटी जोडले. दाराशी सगळं सामान पोटाशी धरून ताई टाचा उंचावून बघत होत्या. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल काढून सेल्फीसाठी त्यांच्यासमोर आलं.

"बाजूला व्हा जरा," ताई म्हणाल्या, "मला ते दिसत नायत."