दारात थांबायचं नाही

बायको शकुंतला गेल्याचा फोन हॉस्पिटलातून आला तेव्हा सुरेशराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तिच्यासाठी डबा न्यायला ते घरी आले होते. बातमी ऐकली आणि ते मुकाट्याने आत सरकले. तिचा नियमच होता, "दारात थांबायचं नाही. आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा." फ्लॅटच्या प्रत्येक दाराला तिने हट्टाने सागवानी उंबरा बसवून घेतला होता.

वर्ष सरलं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने दिवसभर करायचं काय, म्हणून ते हजीरा रोडवरच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागले. तिथला खेळ एका जागी उभं राहायचा नव्हता. छऱ्यांचं पिस्तूल घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागी धावायचं, प्रत्येक ठिकाणाहून पत्र्याच्या चकत्या पाडायच्या, आणि घड्याळ चालूच. प्रत्येक जागेची हद्द जमिनीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीने आखलेली. सुरेशरावांचा नेम पक्का होता, पाय कच्चे होते.

"काका, निशाणा मस्त छे," शिकवणारा धर्मेंद्र म्हणाला. "पण तुम्ही चकती पडली का ते बघत बसता. शेवटचा छरा सुटला की पाय निघालाच पाहिजे. गुडघे वाकलेले, पावलं लहान. आणि पोचायच्या आधी पिस्तूल डोळ्यांसमोर. पोचून मग उचललं तर काय कामाचं?"

सुरेशरावांनी घरी सराव लावला. पिस्तुलाच्या जागी टीव्हीचा रिमोट. दिवाणखान्यातून वाकून निघायचं, उंबरा ओलांडायचा, कणकेच्या डब्यावर नेम. पुन्हा उंबरा, गॅलरी, तुळशीशेजारच्या कुंडीवर नेम. पाय हलके झाले, वळणं अंगात मुरली.

खालच्या गायत्रीबेन विरजण मागायला वर आल्या तेव्हा दार उघडंच होतं. सुरेशराव वाकून धावत आले आणि त्यांनी रिमोट नेमका गायत्रीबेनवर रोखला. वाटी तिथेच ठेवून त्या खाली गेल्या आणि त्यांनी बारडोलीला सुरेशरावांच्या बहिणीला फोन लावला.

"सरलाबेन, तमारा भाई रिमोट लईने घरमां दोडे छे."

दुसऱ्या दिवशी सरलाताई हजर.

"सुरेश, बॅग भर. आता बारडोलीला राहायचं. फ्लॅट विकून टाकू."

"ताई, मला काही झालेलं नाही."

"ज्याला होतं त्याला तसंच वाटतं."

"रविवारी स्पर्धा आहे. येऊन बघ. तुला मी धड वाटलो नाही, तर निमूट तुझ्याबरोबर येतो."

शकुंतलाचं घर पणाला लागलं होतं, पण सुरेशरावांना धाकधूक नव्हती. पाय तयार होते.

रविवारी बझर वाजला आणि सुरेशराव सुटले. चकती पडायच्या आत पाऊल उचललेलं, पोचायच्या आत पिस्तूल वर. एकही चकती उभी राहिली नाही आणि वेळ सगळ्यांत कमी. ताईने पर्स काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

मग पंचांनी निकाल सांगितला. पट्टीबाहेर पाय टेकवून छरा मारला की वेळेत दंडाची भर. सुरेशराव दर ठिकाणी पट्टी ओलांडून, पलीकडे उभं राहून नेम धरत होते. दंड धरून ते शेवटचे आले.

धर्मेंद्रने कपाळाला हात लावला. "काका, पट्टीच्या आत थांबायचं होतं ना."

"आडवं लाकूड दिसलं की पाय आपोआप पलीकडे जातो. अलीकडे थांबलं की बोलणी बसतात."

"कोणाची?"

सुरेशराव पिस्तूल पुसत राहिले. ताई दुसरीकडे बघू लागली.

परतताना पर्वत पाटिया चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ताई म्हणाली, "आमच्या घराला उंबरेच नाहीत. फरशी बदलली तेव्हा काढून टाकले."

"मग?"

"मग काय. तिथे तुझे पाय उंबरा शोधत बसतील आणि तू आपटशील. राहा इथेच. फक्त गायत्रीबेनवर रिमोट रोखू नकोस."

पुढच्या स्पर्धेसाठी धर्मेंद्रने नवा सराव दिला आहे. स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचं, नेम धरायचा, मग निघायचं. सुरेशरावांचा नेम होतो, निघणंही होतं. दारात थांबणं तेवढं राहिलं आहे.