दीपगृहाच्या रखवालदाराला आलेला फोन

मला फोनवरून कुणी फसवून दाखवावं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. हल्ली सांगत नाही.

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतोय. त्यामुळे आमच्या बाइंडरला जेव्हा कुणीतरी फोनवरून गंडवलं, तेव्हा सगळ्यांना शहाणं करायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. म्हणजे मीच ती घेतली. उरलेल्या पिवळ्या कागदावर पाच नियम छापून प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवले. फुकट देतो म्हणाले तर सावध! आजच कळवा म्हणाले तर सावध! आपली खरी माहिती देऊ नका! फोन ठेवा, खरा नंबर स्वतः शोधा आणि मग उलट फोन करा! आणि शेवटचा, घरच्यांना विचारा!

एक कागद घरी फ्रिजवरही लावला. बायकोने त्यावर वाणसामानाची यादी अडकवली. आईने मात्र यादी बाजूला सारून, चष्मा लावून, पाचही नियम दोनदा वाचले. मी काही परत वाचले नाहीत. मीच लिहिलेले, मला काय गरज!

मंगळवारी छापखान्याला सुट्टी असते. बायको कामाला, लेक शाळेत, आई माझ्यामागेच शेंगा सोलत बसलेली. अकराच्या सुमाराला फोन वाजला. अनोळखी नंबर!

"नमस्कार. श्रवणयंत्रांच्या दुकानातून बोलतेय," एक गोड आवाज म्हणाला. "आमच्याकडे नवीन यंत्र आलंय. आठवडाभर मोफत वापरून बघता येईल."

मोफत! मी ताठ बसलो.

"आमचे तंत्रज्ञ तुमच्या भागात गुरुवारीच येतात. आजच कळवलंत तर बरं."

आजच! मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली.

"कुणासाठी म्हणे हे यंत्र?"

"तुमच्या आईंसाठी. त्यांनीच नोंदणी केलीय."

वा रे वा! आईचं नाव काढलं की माणूस विरघळतो, हे यांना पहिल्याच दिवशी शिकवत असणार. माझी आई भाजी आणि वाचनालय सोडून कुठे जात नाही. ती कसली नोंदणी करतेय!

"मला आई नाही," मी म्हणालो.

माझ्यामागे शेंगांचा आवाज.

"बरं... मग तुमचं वय सांगता? फॉर्म भरायचाय."

"ब्याण्णव."

"काय करता आपण?"

"दीपगृहाचा रखवालदार आहे."

"आणि पत्ता?"

"दीपगृह!" आणि मग, चढलेल्या सुरात, "बाई, लोकांच्या म्हाताऱ्या आयांना फसवून पोट भरता, लाज नाही वाटत?"

फोन कट झाला. मी विजयी मुद्रेने मागे वळलो. "चोर होते! पळवून लावले!" आईने मान डोलावली, हसली आणि म्हणाली, "बरं झालं." माझी आई नेहमी अशीच मान डोलावते. किती समजूतदार बाई, असं मला वर्षभर वाटत होतं.

संध्याकाळी सहाला लेक शाळेतून आली. शनिवारी तिच्या वर्गाचं नाटक होतं आणि ती होती किल्ल्याची पहारेकरी. वाक्य एकच. "कोण आहे तिकडे? आधी खूण सांगा!" महिनाभर ती ते आजीसमोर म्हणत होती. आजही हातात लाटणं घेऊन उभी राहिली आणि तोंड उघडायच्या आतच आजीने टाळ्या वाजवल्या.

"आजी! मी अजून बोललेच नाही!" लेक रडकुंडीला आली. "तुला काही ऐकूच येत नाही!"

आईचा चेहरा उतरला. तिने शेंगांची टोपली बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "कानवाल्यांचा फोन आला का रे? मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तुझा नंबर दिलाय. शनिवारच्या आत यंत्र मिळेल म्हणाल्या. हिचं वाक्य एकदा तरी ऐकायचंय मला."

मी आईच्या समोर जाऊन बसलो.

"तू... तू त्यांच्याकडे गेली होतीस?" मी ओरडून विचारलं.

"दोनदा. आधी त्यांचीच माणसं वाचनालयात आली होती पत्रकं वाटत. पण तुझा चौथा नियम आहे ना! म्हणून स्वतः जाऊन दुकान बघून आले. चांगली माणसं आहेत."

वर्षभर ही बाई ऐकू न येता हसत मान डोलावतेय आणि मी तिला समजूतदार म्हणतोय! आणि आज तिच्याकडे पाठ करून तिला नाहीशी करून टाकली! स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आईच्या नोंदणीच्या पावतीवरचा नंबर मी फिरवला.

"नमस्कार, मी सकाळी... म्हणजे माझ्या आईचं यंत्र..."

"नंबर बघते हं," तोच गोड आवाज म्हणाला. मग तो गोड राहिला नाही. "आमच्या नोंदीत या नंबरवर ब्याण्णव वर्षांचे गृहस्थ आहेत. दीपगृहावर कामाला. त्यांना आई नाही."

"मीच तो!"

"तुमचा आवाज ब्याण्णवचा वाटत नाही."

"अहो, मी खोटं बोललो होतो!"

"आणि आता खरं बोलताय?"

"हो!"

"हे आम्ही कसं ओळखायचं?"

याच प्रश्नावर मी पिवळा कागद छापला होता!

"बाई, गुरुवारची वेळ तेवढी..."

"ती दुसऱ्यांना दिली. हल्ली म्हाताऱ्या माणसांच्या नावावर महागडी यंत्रं लाटणारे फार झालेत. ज्यांची नोंदणी आहे त्यांना दुकानात घेऊन या. सातला बंद होतं." फोन कट!

साडेसहा वाजले होते. आईला रिक्षात घातलं. लेकही लाटण्यासकट बसली. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल! घड्याळ बघून बघून माझी मान दुखायला लागली आणि आई खिडकीतून शांतपणे दुकानांच्या पाट्या वाचत होती. काय घोळ झालाय, हे तिला अजून सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि रिक्षावाल्यासमोर "मला आई नाही असं मी म्हणालो" असं कसं ओरडणार?

दुकानात पोहोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. मी वाकून आत शिरलो. गल्ल्यावरच्या बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं, मग मागून आलेल्या आईला ओळखून त्या उठल्या. तिच्या कानाशी जाऊन त्यांनी सकाळचं सगळं सांगितलं. सगळं! दीपगृहासकट!

"हे तुमचे कोण?" त्यांनी शेवटी विचारलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की मीच माझ्या बाजूने काही पुरावा सापडतो का म्हणून खिसे चाचपायला लागलो.

"मुलगा आहे हो," ती म्हणाली. "घाबरट आहे जरा. पण माझाच आहे."

मी खाली बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लेकीला दिसू नये असं वाटत होतं.

तंत्रज्ञ शुक्रवारी दुकान बंद झाल्यावर अर्धा तास थांबायला तयार झाले, तेही आईकडे बघून. निघताना बाईंनी वही उघडली आणि माझ्या नंबरापुढे लाल शाईने काहीतरी लिहिलं. आईने वाकून वाचलं आणि मान डोलावली. मी विचारलं नाही.

शनिवारी आई पहिल्या रांगेत बसली. पडद्यामागून आवाज आला, "कोण आहे तिकडे? आधी खूण सांगा!" आईने टाळ्या वाजवल्याच नाहीत. पदर तोंडाला लावून नुसती ऐकत राहिली. टाळ्या मी वाजवल्या. चुकीच्या ठिकाणी!

त्यानंतर मी सुधारलो. फोनवर कुणाशी वाकडं बोलायचं नाही, अशी शपथच घेतली. पुढच्या मंगळवारी फोन आला.

"सर, तुमच्या घरच्या यंत्राची हमी संपतेय."

"कानाचं यंत्र ना?" मी लगबगीने विचारलं.

"हो, हो, तेच!"

केवढा आनंद झाला मला! खरं नाव सांगितलं, खरं वय सांगितलं, पत्ता खुणेच्या झाडासकट सांगितला. मागच्या वेळच्या उद्धटपणाबद्दल क्षमा मागितली. ते म्हणाले, "मोबाइलवर सहा आकडे आलेत, ते वाचा." मी चष्मा शोधला आणि सुरुवात केली. "चार... सात... दोन..."

"फोन ठेव!" स्वयंपाकघरातून आई कडाडली. दोन बंद दारांपलीकडून!

"अगं, आपले कानवालेच आहेत! खरे आहेत!"

आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि तिने फोन काढून घेतला. "खरे कसे असतील? त्यांनी तुझ्या नंबरापुढे लिहिलंय, 'येथे पुन्हा कधीही फोन करू नये'!"

संध्याकाळी पाहिलं तर फ्रिजवरच्या कागदावर आईच्या अक्षरात सहावा नियम आला होता. "फोन आला तर आधी आईला विचारने."

त्यात शुद्धलेखनाची एक चूक आहे. मी दुरुस्त केलेली नाही.