राजेश्रीच्या फेऱ्या आणि माझ्या कमरेचा पट्टा

बायकोचा व्यायाम आपणच करून टाकावा, हा विचार मला परभणीच्या बागेत, भल्या सकाळी, रिकाम्या पोटी सुचला. (भरल्या पोटी मला विचार सुचत नाहीत, झोप येते.)

आमच्या राजेश्रीचे पाय लहानपणापासून अधू. चाकाची खुर्ची ती स्वतःच्या हातांनी चालवते आणि कुणी मागून ढकलायला गेलं की खवळते. बागेच्या मोठ्या दाराला, जनावरं शिरू नयेत म्हणून, फिरती लोखंडी चकरी बसवलेली. तिच्यातून खुर्ची जात नाही, म्हणून राजेश्री माळ्याच्या हातगाडीच्या दारानं ये-जा करते. तेच दार आता महापालिकावाले बुजवणार होते. दिव्यांग माणसं बागेत येऊन नुसती बसतात, असं कुणीतरी तिथल्या साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. खरंखोटं बघायला महापालिकेकडून पंकजा मॅडम आल्या, हालचाल मोजणारे कमरेचे पट्टे घेऊन.

पहिल्या दिवशी राजेश्रीनं घामाघूम होईस्तोवर फेऱ्या मारल्या. पट्टा म्हणाला, बाई बसून आहेत. दार बुजलं तर तिची सकाळच गेली, हे मला कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी गोड बोलून तिचा पट्टा मी काढून घेतला, स्वतःच्या शर्टाखाली बांधला आणि पळत सुटलो. लग्नानंतर प्रथमच पळत होतो. कारंज्याच्या वळणावर पोटरीत असा गोळा आला की मी तिथंच आडवा. (कारंजंही बंदच असतं, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना शोभत होतो.)

राजेश्री खुर्ची वळवून आली. "उठा, मागचा दांडा धरा," ती म्हणाली, "तुमाला नेते."

मी एका पायावर लंगडत दांड्याला लोंबकळलो आणि ती मला चढावर ओढत निघाली. चढ संपला तिथं मॅडम उभ्या. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी थाप मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात राजेश्रीनं सगळं सांगून टाकलं.

"पट्टा ह्यांच्या कमरंला हाय, मॅडम. माझी कंबर बसलेलीच ऱ्हाणार. मी हातानं चालते. मोजायचं तर माझे हात मोजा."

बरोबर आहे, चूक आमची आहे, मॅडम म्हणाल्या. मग पिशवीतून मनगटाचा पट्टा काढून त्यांनी राजेश्रीला बांधला आणि तोच चढ पुन्हा चढायला लावला, माझ्यासकट. वर पोचल्यावर आकडा बघून त्यांनी बागेत खुर्चीवरून येणाऱ्या सगळ्यांच्याच मनगटांना पट्टे बांधले. 'बसलेली' राजेश्री थेट 'जोरदार व्यायामा'त गेली. दार बुजवणं राहिलंच, उलट ते रुंद झालं. त्या नव्या दारातून ती पहिली आत शिरली, तेव्हा माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण तुटलं.

आता ती रोज सकाळी मला उठवून बागेत नेते आणि चढ आला की मागचा दांडा धरायला लावते. शेजारचे वैजीनाथराव म्हणतात, काय जीव आहे वहिनींचा तुमच्यावर. मलाही तसंच वाटायचं. परवा न राहवून तिला विचारलं.

"मॅडमनं सांगितलंय," ती म्हणाली, "वजन ओढायचं सोडू नका म्हणून."